दलदलीतला सेनापती

नाँत शहराच्या दक्षिणेला ल्वार नदी ओलांडून समुद्राच्या रोखाने गेले की जमीन हळूहळू पाण्यात विरघळत जाते. मिठागरे, चर, कालवे आणि मधूनमधून गवताचे पट्टे. इथली माणसे चर ओलांडताना लांब काठी पाण्यात रोवायची आणि तिच्या आधाराने पलीकडे उडी घ्यायची. थोडे पूर्वेला सरकले की दलदल संपते आणि निराळाच मुलूख लागतो. तिथे प्रत्येक शेताभोवती मातीचा उंच बांध असतो आणि बांधावर झाडाझुडपांची गच्च कुंपणे. दोन बांधांच्या मधून खोलगट गाडीवाटा जातात. हिवाळ्यातल्या पावसात त्या वाटांवर गाडीचे चाक रुतले की रुतलेच. दहा पावलांवर माणूस बसला असेल तरी दिसत नाही.

फ्राँस्वा आतानाज शारेत या नौदलातल्या माणसाने अशा मुलखात तीन वर्षे फ्रेंच प्रजासत्ताकाशी झुंज दिली. त्याची लढाई समजून घ्यायची तर सुरुवात या जमिनीपासून करावी लागते. ती सोडून तो जवळजवळ कुठे गेलाच नाही.

आपल्याकडे शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकवतात ती पॅरिसची असते. बास्तीय, राजाराणीचा शिरच्छेद, स्वातंत्र्य-समता-बंधुता. त्याच काळात पश्चिम फ्रान्समधले शेतकरी त्या क्रांतीविरुद्ध विळेकोयते घेऊन उठले होते, याची ओळही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते. राजाच्या बाजूने लढणारा गरीब शेतकरी आपल्या समजुतीच्या चौकटीत बसत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवले, तर क्रांतीही अर्धीच कळते.

शारेतचा जन्म २ मे १७६३ रोजी ब्रिटनीतल्या कुफे गावी झाला. घराणे सरदारांचे, पण हातात पैसा बेताचा. सोळाव्या वर्षी, १७७९ साली, तो ब्रेस्टच्या नौदलात शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे ते दिवस होते. एकूण अकरा सागरी मोहिमा करून तो लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. क्रांती झाल्यावर १७९० साली त्याने नोकरी सोडली आणि एका नातलगाच्या विधवेशी लग्न केले. ती त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी होती. ला गार्नाशजवळच्या फोंतक्लोज या तिच्या वाड्यात तो राहू लागला. शिकार, नाच, मेजवान्या यांतच त्याचे दिवस जात. मध्यंतरी इतर सरदारांसारखा तोही देश सोडून जर्मनीतल्या कोब्लेंझला जाऊन आला, पण तिथल्या परागंदा मंडळीत त्याचे मन रमले नाही. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये जमावाने त्विलरीच्या राजवाड्यावर हल्ला चढवला, तेव्हा तो राजाच्या रक्षणासाठी तिथे हजर होता. त्या कत्तलीतून जीव वाचवून तो घरी परतला. त्यानंतर त्याने राजकारणाचे नाव टाकले असावे, असे पुढच्या घटनेवरून वाटते.

गावकऱ्यांना मात्र ते टाकणे शक्य नव्हते. क्रांतीने चर्चच्या जमिनी विकायला काढल्या आणि त्या बहुतेक शहरातल्या पैसेवाल्यांनी घेतल्या. धर्मगुरूंनी सरकारशी निष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा आला. या भागातल्या बहुतेकांनी ती नाकारली, म्हणून त्यांना हाकलले आणि जागी परके आणून बसवले. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक या प्रत्येक वेळी ज्याच्यावर विश्वास, तो माणूस रानात लपलेला असे. अशात २४ फेब्रुवारी १७९३ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे प्रजासत्ताकाच्या संसदेने, तीन लाख सैनिकांच्या भरतीचा हुकूम काढला. चिठ्ठ्या टाकून पोरे उचलायची होती, आणि सरकारी पदांवरच्या मंडळींना त्यातून सूट होती. चर्चच्या जमिनी घेतलेले लोकच आता आपली पोरे सरहद्दीवर धाडणार, हे शेतकऱ्याला सहन झाले नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेकडो गावे एकदम उठली. त्यामागे कोणा सरदाराचे कारस्थान नव्हते. उलट गावकरीच सरदारांच्या वाड्यांवर जाऊन सेनापती व्हा म्हणून आग्रह करू लागले.

१४ मार्चला ते फोंतक्लोजला आले. शारेतने आधी टाळाटाळ केली. तो पलंगाखाली लपला होता आणि तिथून त्याला ओढून काढले, अशी आठवण त्या मुलखात सांगतात. ती खरी असो वा नसो, तो खुशीने आला नाही एवढे नक्की. एकदा आला, मात्र तीन वर्षे मागे वळला नाही.

त्याच्या कारकिर्दीची सुरुवात काळीकुट्ट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ११ मार्चपासून माशकूल गावात बंडखोरांनी प्रजासत्ताकाच्या माणसांना पकडून मारायला सुरुवात केली होती. सुश्यु नावाच्या माणसाच्या हुकुमावरून कैद्यांना एका दोरीत ओळीने बांधून खड्ड्याच्या काठावर उभे करत आणि गोळ्या घालत. या ओळीला ते जपमाळ म्हणत. महिनाभरात दीडशे ते दोनशे माणसे अशी मेली. शारेत त्या गावचा सेनापती होता. त्याने हे सुरू केले नव्हते आणि त्याचा त्या वेळी पुरता ताबाही बसला नव्हता, पण त्याने ते थांबवलेही नाही. २२ एप्रिलला सरकारी फौजेने माशकूल परत घेतले तेव्हाच ती जपमाळ तुटली. पॅरिसमध्ये या बातमीने जो संताप उसळला, त्याची किंमत पुढे या सगळ्या मुलखाला, व्हाँदेला, मोजावी लागली.

माशकूल गेल्यावर शारेत लेजे गावात जाऊन बसला आणि तिथे खरा सेनापती घडला. त्याची फौज म्हणजे पगारी सैन्य नव्हते. लाकडी जोडे घातलेले शेतकरी होते, छातीवर येशूच्या पवित्र हृदयाचा कापडी तुकडा शिवलेला, हातात शिकारीची बंदूक नाहीतर दांड्याला सरळ जोडलेला कोयता. चर्चची घंटा वाजली की जमायचे, तीन-चार दिवस लढायचे आणि भाकरी संपली की घरी जायचे. गुरांना चारा घालायचा असे, पेरणी असे. कितीही मोठा विजय मिळाला तरी चौथ्या दिवशी सेनापतीभोवती मूठभर माणसे उरत. इतर पुढारी यावर चिडत. शारेतने ही सवय मोडण्याचा नाद सोडला आणि लढाईच तिच्या मापाने बेतली. अचानक जमायचे, कुंपणाआडून घाव घालायचा, हरायची वेळ आली की पांगायचे आणि ठरलेल्या जागी पुन्हा भेटायचे. आपल्याकडे ज्याला गनिमी कावा म्हणतात त्याच जातीची ही लढाई. लेजेत रात्री नाच होत, स्त्रिया घोड्यावर बसून त्याच्याबरोबर मोहिमेवर जात. पूर्वेला अंजूकडच्या देवभोळ्या सरदारांना हे अजिबात रुचत नसे.

मुळात व्हाँदेची फौज एक नव्हती. पूर्वेला अंजू आणि वरच्या प्वातूमध्ये कातलिनो, बोंशाँ, देल्बे, लेस्क्यूर, विशीतला ला रोशजाकलँ आणि वनरक्षकाचा सेनापती झालेला स्तोफ्ले यांची मोठी कॅथलिक राजसेना होती. शारेत समुद्राकडच्या बाजूला वेगळा, आपल्याच हुकमतीत. एकत्र येण्याचे प्रसंग थोडे आले आणि त्यातला पहिलाच वाया गेला. २९ जून १७९३ रोजी दोन्ही फौजांनी मिळून नाँतवर हल्ला करायचा ठरले. शारेतने दक्षिण तीरावरून ठरल्या वेळी, पहाटे दोनला, तोफा डागल्या. उत्तरेकडून येणारी मोठी सेना मात्र वाटेत अडकली होती. एर्द्र नदीवरच्या नॉर गावात मरिस नावाच्या अधिकाऱ्याच्या एका पलटणीने तिला रात्रभर रोखून धरले. ती पोहोचेपर्यंत नाँतकर सावध झाले होते. शहरात शिरताना कातलिनोला गोळी लागली. फिरून माल विकणारा हा माणूस नुकताच सेनेचा सरसेनापती झाला होता. तो पडताना शेतकऱ्यांनी पाहिला आणि त्यांचे अवसान गेले. नाँत हाती आले असते तर प्रजासत्ताकाशी युद्धात असलेल्या इंग्रजांची मदत थेट बंदरात उतरली असती. या युद्धातली सर्वांत मोठी संधी त्या एका रात्रीच्या उशिराने गेली, असे मला वाटते.

सप्टेंबरमध्ये दुसरी संधी आली. माइन्झहून परतलेल्या कसलेल्या सरकारी फौजेची आघाडी जनरल क्लेबेरच्या हाताखाली व्हाँदेत घुसली आणि शारेतला मागे रेटत गेली. १९ सप्टेंबरला तोर्फूजवळ सगळे सेनापती एकत्र आले. सुरुवातीला शारेतची माणसे पळू लागली, तेव्हा तिफोज गावच्या बायकांनी वाट अडवून त्यांना परत लढाईत लोटले असे सांगतात. क्लेबेर जखमी झाला, त्याची फौज हटली. दोन दिवसांनी माँतेग्यु, तिसऱ्या दिवशी सँ-फुल्जाँ, असे विजयामागून विजय मिळाले. तरीही याच विजयात फूट पडली. ठरल्याप्रमाणे शारेत आणि लेस्क्यूर यांनी बोंशाँला मदत करून माघार घेणाऱ्या क्लेबेरला गाठायचे होते. ते गेले सँ-फुल्जाँला. एकटा पडलेला बोंशाँ क्लेबेरला अडवू शकला नाही. लुटीच्या वाटणीवरूनही कुरबुर झाली आणि शारेत आपल्या दलदलीकडे निघून गेला.

त्याला न्वारमूतिए बेट हवे होते. ते घेतले की इंग्रज जहाजांसाठी बंदर मिळाले असते. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये ग्वा नावाची चार किलोमीटरांहून लांब वाट आहे. भरतीला ती समुद्राखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. खलाशी शारेतने पाण्याची वेळ साधून ११ ऑक्टोबरच्या रात्री माणसे त्या वाटेने नेली आणि दुसऱ्या दिवशी बेट त्याच्या हाती आले. ही त्याची सर्वांत देखणी चाल. पण बेटावर पकडलेले कैदी ब्वाँ गावी धाडले, ते तिथे त्याच्याच एका अधिकाऱ्याने मारून टाकले. आणि हे चालू असताना पाचच दिवसांत, १७ ऑक्टोबरला, शोलेत मोठ्या सेनेचा पराभव झाला. बायकामुलांसह हजारो माणसे ल्वार ओलांडून उत्तरेला गेली. बोंशाँने मरता मरता सुमारे पाच हजार कैद्यांना जीवदान दिले, ते याच वेळी. डिसेंबरमध्ये ल माँ आणि साव्हने इथे ही सेना संपली.

शारेत शोलेला असता तर काय झाले असते, हा वाद दोनशे वर्षे चालू आहे. माझ्या मते त्याच्या माणसांना तो तिथे घेऊन जाऊच शकला नसता. दलदलीतला शेतकरी आपल्या चरापासून दोन दिवसांच्या वाटेपलीकडे लढायला जात नसे. शारेतने ते ओळखले होते, आणि तो स्वतःही तसाच झाला होता.

मोठी सेना ल्वारपलीकडे गेल्यावर व्हाँदेत तो जवळजवळ एकटाच उरला. ६ डिसेंबर १७९३ रोजी सरकारी फौजांनी त्याला ब्वाँच्या दलदलीत चहूबाजूंनी घेरले. त्याने तोफा सोडल्या, घोडे सोडले. वाट दाखवणारे स्थानिक लोक पुढे, मागे कमरेइतक्या पाण्यातून, चरांवरून उड्या मारत सेनापती आणि त्याची माणसे. वेढा पडलेल्या जागेतून तो निसटलाच, वर बाहेर पडताच वाटेत शत्रूची रसद मारून त्याने काडतुसे मिळवली. हा प्रसंग वाचताना मला दरवेळी त्या नाव नसलेल्या वाटाड्यांची आठवण होते. कोणता चर किती खोल, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून शारेत आणखी सव्वादोन वर्षे जगला.

महिन्याभरात न्वारमूतिए गेले. जखमांमुळे उभा राहू न शकणाऱ्या देल्बेला तिथे आरामखुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. २१ जानेवारी १७९४ पासून जनरल त्युरोच्या तुकड्या व्हाँदेत शिरल्या. गावे जाळायची आणि जो सापडेल त्याला संगिनीने संपवायचे, असा त्यांना हुकूम होता. लोकांनी त्यांना नरकाच्या तुकड्या म्हटले. ले ल्युक गावच्या धर्मगुरूने २८ फेब्रुवारीच्या सुमारास मारल्या गेलेल्यांची यादी केली. तिच्यात ५६४ नावे आहेत आणि त्यात शंभराहून अधिक लहान मुले. सगळी नावे एकाच दिवसाची आहेत का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मुलांची वये मात्र वाचवत नाहीत. सगळ्या युद्धात व्हाँदेची सुमारे १,७०,००० माणसे गेली असा अंदाज आहे. याला वंशसंहार म्हणावे का, हा वाद १९८० च्या दशकापासून फ्रान्समध्ये पेटलेला आहे. मी शब्दावर अडत नाही. सरकारनेच आपल्या गावांची राख करण्याचा लेखी हुकूम काढला, एवढे मला पुरते.

त्युरोचा हिशेब मात्र उलटा पडला. घर जळालेल्या माणसाला परतायला चूल उरत नाही. शारेतची तीन-चार दिवसांची फौज आता कायमची झाली. २० मार्चला ले क्लूझो इथे त्याचा पाठलाग करणारा जनरल आक्सो मारला गेला. सप्टेंबरमध्ये ला रुलियेर आणि फ्रेलिन्ये इथले सरकारी तळ त्याने बुडवले. पण उरलेले पुढारी आपसात लढत होते. शारेत, स्तोफ्ले आणि मारिन्यी यांनी एकजुटीचा करार केला, आणि करार मोडल्याच्या आरोपावरून मारिन्यीला मरणाची शिक्षा दिली. त्या निवाड्यात शारेत सामील होता. स्तोफ्लेच्या माणसांनी जुलैमध्ये मारिन्यीला गोळ्या घातल्या. सोबत्याच्या मरणाला मत देणारा शारेत मला कधीच पटलेला नाही.

पॅरिसमधला सत्ताधारी रोबेस्पिएर पडल्यावर सरकारला शहाणपण सुचले. १७ फेब्रुवारी १७९५ रोजी नाँतजवळच्या ला जोने इथे तह झाला. धर्मस्वातंत्र्य, भरतीतून सूट, माफी, नुकसानभरपाई, बंडखोरांतूनच नेमलेले स्थानिक रक्षक. शेतकऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी जे मागितले होते, ते बहुतेक सगळे कागदावर आले. २६ फेब्रुवारीला शारेत टोपीत पांढरा तुरा खोवून, घोड्यावर बसून नाँतच्या रस्त्यांवरून मिरवत गेला आणि शहराने त्याला पाहायला गर्दी केली.

जूनअखेर त्याने पुन्हा शस्त्र उपसले. शिरच्छेद झालेल्या राजाचा मुलगा तुरुंगात मेला होता, इंग्रज जहाजे परागंदा सरदारांना घेऊन ब्रिटनीतल्या किबराँकडे निघाली होती. जुलैमध्ये किबराँला जनरल ओशने त्या सरदारांचा धुव्वा उडवला आणि सातशेहून अधिक कैद्यांना गोळ्या घातल्या. सूड म्हणून शारेतने बेलव्हीलला आपल्या ताब्यातले शेकडो कैदी मारले. व्हेरोनाहून परागंदा अठराव्या लुईने त्याला सरसेनापती नेमले. राजाचा भाऊ काउंट आर्त्वा ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यासमोरच्या इल द्यो बेटापर्यंत आला. शारेत माणसे घेऊन किनाऱ्याकडे निघाला. काउंट महिनाभराहून अधिक काळ बेटावर राहिला आणि नोव्हेंबरात इंग्लंडला परतला. व्हाँदेच्या मुख्य भूमीला त्याने पाय लावला नाही. पुढे १८२४ साली तो दहावा चार्ल्स म्हणून गादीवर बसला. ज्यांनी त्याची वाट पाहिली, ते केव्हाच मातीत गेले होते.

आता समोर ओश होता. वय सत्तावीस, शिपाई म्हणून सुरुवात करून सेनापती झालेला. त्याने गावे जाळली नाहीत. तो गावात जाई, बैल आणि धान्य ताब्यात घेई आणि सांगे, बंदुका आणून द्या आणि बैल घेऊन जा. धर्मगुरूंना त्याने हात लावला नाही, चर्चमधला मास विधी चालू दिला. शेतकऱ्याने बंदूक आणि बैल यांच्याकडे पाहिले. पेरणी तोंडावर होती, तीन वर्षांत नांगर धड फिरला नव्हता. बंदुका येऊ लागल्या. ज्या माणसांनी १७९३ मध्ये शारेतला वाड्यातून बाहेर काढले, तीच आता त्याला दाराशी पाहून गप्प बसत. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

हिवाळाभर फिरत्या तुकड्या त्याच्या मागावर होत्या. त्याला परदेशी जाऊ देण्याची तयारी दाखवली गेली, त्याने नकार दिला. २५ फेब्रुवारी १७९६ रोजी स्तोफ्लेला आँजेमध्ये गोळ्या घातल्या. २३ मार्चला ला शाबोतरीच्या रानात जनरल त्राव्होच्या शिपायांनी शारेतला गाठले, तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक माणसे होती. त्याच्या डोक्याला आणि हाताला जखमा झाल्या होत्या. फायफर नावाच्या त्याच्या जर्मन सेवकाने मालकाची तुऱ्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, गोळ्या आपल्याकडे ओढून घेतल्या आणि तो मेला. दुसऱ्या एकाने जखमी सेनापतीला पाठीवर घेतले, तोही पडला. शेवटी त्राव्होने त्याला धरले. जवळच्या ला शाबोतरीच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात नेऊन त्याच्या जखमा बांधल्या. तो वाडा आज पाहता येतो, आणि ते स्वयंपाकघरही.

२७ मार्चला त्याला नाँतच्या रस्त्यांवरून फिरवले, तेरा महिन्यांपूर्वी तो जिथून मिरवत गेला होता त्याच शहरातून. आता तो पायी होता, चहूबाजूंनी शिपाई आणि वाद्यांचा गजर. २९ मार्चला खटला झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी व्हियार्म चौकात त्याला उभे केले. वय बत्तीस. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही. जखमी हात झोळीतून काढून त्याने छातीवर हृदयाची जागा दाखवली, असे पाहणाऱ्यांनी सांगितले, आणि गोळ्या झाडण्याची खूण स्वतःच मान लववून केली.